नर्मदेकाठी तीस दिवस

चालणे म्हणजे काय हे मी तुम्हा शेतकऱ्यांना सांगावे यात थोडी गंमतच आहे. नऊ इंची तास धरला तर एक एकर नांगरायला बैलांमागे माणूस जवळजवळ अठरा किलोमीटर चालतो. हा हिशेब मी कृषी खात्याच्या प्रशिक्षणात अनेकदा फळ्यावर मांडला आहे. शेतकरी हसतात आणि म्हणतात, "साहेब, म्हणूनच तर ट्रॅक्टर घेतला." पण शेतातले चालणे आणि वाटेवरचे चालणे यांत एक मोठा फरक आहे. शेतात माणूस कितीही चालला तरी संध्याकाळी आपल्याच दाराशी येतो. वाटेवर मात्र रोज संध्याकाळी दार परक्याचे असते.

हे मला कळले ते २०२५ च्या जानेवारीत. थोरल्या बहिणीसोबत, म्हणजे आमच्या अक्कासोबत, मी नर्मदेच्या दक्षिण तटाने तीस दिवस पायी चाललो. अक्काचे वय बासष्ट, माझे पंचावन्न. आमचे गाव खानदेशात, सातपुड्याच्या अलीकडे.

परिक्रमा तुमच्यापैकी पुष्कळांना ऐकून ठाऊक असेल. नर्मदा अमरकंटकला उगम पावते आणि १३१२ किलोमीटर वाहून भडोचच्या पुढे खंबातच्या आखाताला मिळते. या नदीला उजव्या हाताला ठेवून पूर्ण फेरी घालायची. मध्ये कुठेही पात्र ओलांडायचे नाही. उगमाशी वळसा घालायचा आणि मुखाशी समुद्रातून नावेने पलीकडच्या तटावर जायचे. जुन्या रीतीने याला तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस लागतात, कारण चातुर्मासात एका जागी थांबावे लागते. आता बरेच जण चार-पाच महिन्यांत पुरी करतात, आणि गाडीतून फिरून येणारेही आहेत. ज्यांना एका दमात जमत नाही ते तुकड्यातुकड्याने चालतात. जिथे थांबले तिथूनच पुढच्या वेळी पाऊल टाकायचे. त्याला खंड परिक्रमा म्हणतात. नोकरी करणाऱ्याला आणि शेतकऱ्याला तीच परवडते. माझ्याजवळ तीस दिवसांची अर्जित रजा होती.

अक्काच्या जाण्याचे कारण वेगळे होते. दाजी आजारी पडले तेव्हा ती नर्मदामाईला बोलली होती, की हे बरे होऊ देत, आम्ही दोघे अनवाणी चालत येऊ. दाजी बरे झाले नाहीत. त्याला चार वर्षे झाली. मी तिला म्हटले, "अक्का, नवस फळलाच नाही, मग फेडायचा कसला?" ती तूर पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "बापू, हिशेब तुझ्या ऑफिसात. मी बोलले ते बोलले." पुढे मी बोललो नाही. मात्र तिला सहा वर्षांपासून साखरेचा आजार आहे, आणि अनवाणी चालण्याची धास्ती मला पहिल्या दिवसापासून होती. पायताण घाल म्हणून मी भुसावळच्या स्टेशनापर्यंत सांगत होतो.

खंडव्याहून बसने आम्ही ओंकारेश्वरला पोचलो. ओंकारेश्वराचे देऊळ नदीतल्या बेटावर आहे, म्हणून त्याचे दर्शन संकल्पाच्या आधी घ्यायचे. संकल्प झाला की बेटावर जाता येत नाही. लहानशा बाटलीत नर्मदेचे पाणी भरून घेतले आणि ६ जानेवारीला निघालो.

आता ओझ्याचे बोलतो, कारण या वाटेवर पहिला शत्रू तोच. घरून निघण्याआधी आम्ही किराणा दुकानाच्या काट्यावर पिशव्या तोलल्या. माझी सात किलो, अक्काची साडेचार. दोन जोड कपडे, एक चादर, एक कांबळे, ताट, तांब्या, बॅटरी, काठी, औषधे. घरात सात किलो म्हणजे काहीच नाही, धान्याचे पोते आपण पाठीवर घेतोच. पण पोते घेऊन आपण पन्नास पावले चालतो. सात किलो घेऊन दहा तास चालले की तिसऱ्या दिवशी खांद्यावरचा पट्टा कातड्यात रुतू लागतो. वाटेत भेटणारा प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या आश्रमात काहीतरी ठेवून पुढे आलेला असतो. कोणी जाड स्वेटर ठेवतो, कोणी पोथी. जुने परिक्रमावासी तर दुसरे धोतरही बाळगत नाहीत. ओले कपडे पिशवीवर पसरायचे आणि चालता चालता वाळवायचे.

दिवस पहाटे चारला सुरू होतो. जानेवारीची थंडी, नदीचे पाणी हाडात शिरणारे. बायामाणसांची अडचण आणखी मोठी. उजाडण्याआधी आडोसा शोधायचा, अंघोळ उरकायची, आणि सोबतच्या पुरुषाने पाठ करून लांब उभे राहायचे. अक्काने पहिल्या दोन दिवसांतच चार-पाच बायकांचा जथा जमवला आणि माझी राखण संपवली. सहाला चालायला लागायचे. उन्हे तापण्याआधी दहा किलोमीटर पडले तर दिवस आपला. दुपारी जिथे प्रसादी मिळेल तिथे जेवण, तासभर पाय वर करून पडणे, आणि चारपर्यंत मुक्कामाची चौकशी. उशीर झाला की अंधारात कुत्री अंगावर येतात आणि ओसरी भरून गेलेली असते.

पहिले दहा दिवस निमाडचे. तिथे वाट सपाट, जमीन काळी. मोरटक्क्याच्या पुढे बकावांला नर्मदेतल्या दगडाची शिवलिंगे घडवतात. दगड घासण्याचा आवाज वेशीपासून ऐकू येतो. रावेरखेडीला थोरल्या बाजीरावांची समाधी आहे. १७४० मध्ये त्यांचा देह इथेच पडला. आयुष्यभर घोड्यावर बसलेल्या त्या माणसाच्या समाधीपुढे आम्ही दोघे पायीचे प्रवासी घटकाभर बसलो. शेतांत कापूस, गहू आणि हरभरा. मिरची तर विचारू नका. बेडियाच्या बाजाराची ही मुलूखगिरी, सगळी खळी लाल. एका शेतकऱ्याला माझी नोकरी कळली आणि त्याने मला जेवणाच्या पंगतीतून उठवून शेतात नेले. झाडे चुरडा-मुरड्याने आखडली होती. पांढरी माशी हा रोग पसरवते, रोगट झाड बरे होत नाही, ते उपटून जाळलेले बरे, आणि पिवळे चिकट सापळे लागणीपासूनच लावावेत, हे मी त्याला माझ्या मोडक्या हिंदीत सांगितले. त्याने रात्री आम्हाला दोघांना बाजा दिल्या. रजेवर असताना मिळालेला माझा हा एकमेव भत्ता.

खानदेशातून अक्काच्या मुलाचा, म्हणजे माझ्या भाच्याचा, रोज फोन. ही आणखी एक अडचण, आणि तुम्हालाच ती नीट समजेल. शेतकरी घर सोडतो पण शेत त्याला सोडत नाही. एका टेकडीवर रेंज मिळाली तेव्हा तो म्हणाला, "माय, हरभऱ्यावर अळी दिसते." अक्का म्हणाली, "पाखरं बसायला काड्या रोव, मामाला देते." मी विचारले, मीटरभर ओळीत किती अळ्या? तो म्हणाला, एखादी. "मग आज पाच टक्के निंबोळी अर्क मार, दोन दिवसांनी पुन्हा मोज." मागे उभा असलेला एक दाढीवाला साधू हे सगळे ऐकत होता. तो म्हणाला, "मैया, आपका खेत भी परिक्रमा में है क्या?" अक्का दिवसभर हसत होती.

बडवानीजवळचा राजघाट सरदार सरोवराच्या पाण्यात गेला आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये हे धरण पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत, म्हणजे काठोकाठ भरले. पूर्वीची काठाकाठाची वाट त्यामुळे बुडाली, आणि आता पुढे डोंगर चढूनच जावे लागते. इथून शूलपाणीची झाडी सुरू होते. जुन्या परिक्रमेच्या पुस्तकांत या झाडीची भीती भरून राहिलेली आहे. इथले 'मामा' परिक्रमावासींना लुटून लंगोटीवर सोडत, असे त्यांत लिहिलेले असते. आम्ही गेलो तेव्हा मामांनी आमच्याकडून काही घेतले नाही, उलट दिले. ते पुढे सांगतो.

पाटी-बोकराटा ओलांडून आम्ही डोंगरांत शिरलो आणि चालणे या शब्दाचा अर्थ बदलला. सपाटीवर दमछाक छातीची होते, डोंगरात गुडघ्याची. चढ परवडतो, उतार परवडत नाही. उतारावर सगळा भार बोटांवर आणि गुडघ्यांवर येतो. तिथे काठी पुढे टेकून, तिरपे, लहान पावलांनी उतरावे. बैलगाडी उतारावर आपण दांडी धरून कशी हळूहळू सोडतो, तसेच शरीर सोडायचे. पाण्याचेही तसेच. झरा दिसला की तहान असो-नसो प्यायचे आणि बाटली भरायची. पुढचा झरा कुठे असेल हे वाटाड्याशिवाय कोणी सांगत नाही. पायवाटा फुटतात तिथे कुणीतरी दगडावर रंगाने बाण काढून 'नर्मदे हर' लिहिलेले असते. तो बाण दिसला की सख्खा भाऊ भेटल्यासारखे होते.

पायाला फोड येतो तो घामाने आणि घासण्याने. फोड आला तर वरचे कातडे सोलू नये, तेच उत्तम फडके असते. फार फुगला तर स्वच्छ सुईने कडेला टोचून पाणी काढावे, औषध लावून पट्टी बांधावी. हे निरोगी माणसाचे झाले. साखरेच्या माणसाचे तसे नाही. धडगाव अजून दिवसभरावर असताना संध्याकाळी अक्काच्या पायाखाली मला ओले दिसले. टाचेच्या भेगेत बोरीचा काटा मोडला होता, भोवती पू झाला होता, आणि तिला त्याची खबर नव्हती. दुखलेच नाही म्हणाली. मला भीती वाटली ती याच उत्तराची.

जवळच्या आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरबाईंनी काटा काढला, जखम धुतली, साखर तपासली. २६८ निघाली. त्यांनी अक्काला समोर बसवून सांगितले, की साखर पुष्कळ वर्षे राहिली की पायाच्या शिरा बधिर होतात, खडा टोचला तरी कळत नाही, जखम भरत नाही आणि एखाद्याचा पाय कापायची वेळ येते. रोज पट्टी, गोळ्या वेळेवर, पाय जमिनीला लावायचा नाही, आणि यापुढे अनवाणी चालायचे नाही. तुमच्या घरात साखरेचे कोणी असेल तर हे वाक्य त्यांना वाचून दाखवा. रोज रात्री दिव्याजवळ तळपाय पाहायचा, आपला आपल्याला दिसत नसेल तर सुनेला-नातवाला पाहायला सांगायचे. शेतात अनवाणी जायचे नाही.

आम्ही पाच दिवस एका पावरा कुटुंबाकडे राहिलो. या डोंगरांत घरे एकमेकांना चिकटून नसतात. ज्याचे शेत तिथे त्याचे घर, आणि असा पाडा दोन-दोन टेकड्यांवर पसरलेला असतो. घर कुडाचे, शेणाने सारवलेले. आढ्याला मक्याची कणसे बियाण्यासाठी टांगलेली, धुराने काळी झालेली. त्या धुराने किडा लागत नाही, हे त्या घराला कोणी शिकवायला गेले नव्हते. मी तीस वर्षे लोकांना बीजप्रक्रिया सांगत आलो आहे. तिथे मी वहीत लिहून घेत होतो.

त्या घरात माणसे सात. कोरडवाहू, उताराची जमीन. घरातल्या कणगीतले धान्य पुढच्या पावसापर्यंत पुरेल की नाही, हे मला नुसते पाहून कळत होते, तो माझा धंदाच आहे. आणि त्या कणगीतून रोज आम्हा दोघांची ज्वारीची भाकर आणि उडदाची डाळ निघत होती. पहिल्या रात्री मला घास उतरेना. दुसऱ्या दिवशी मी घरधन्याला पैसे देऊ केले. त्याने हात मागे घेतले आणि बाहेर निघून गेला. संध्याकाळपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. हे ओझे कुठल्या काट्यावर तोलायचे ते मला अजून उमगलेले नाही. मग मी काय करता येईल ते केले. त्याच्या उतारावर दोन दिवस दगड रचून आडवे बांध घातले, आधीचे फुटले होते ते सांधले. तो माझ्यासोबत दगड वाहत होता. समपातळी धरायला मी पाण्याची नळी मागितली, तेव्हा त्याने नुसत्या डोळ्यांनी ओळ दाखवली. मी नळीने तपासली, वीत-दीड वीतच फरक होता.

अक्का बाजेवर पाय वर करून पडलेली. बासष्ट वर्षांत इतके दिवस ती कधी निजून राहिली नव्हती. घरातली म्हातारी आणि ती, दोघींना एकमेकींची बोली अर्धीच कळायची, पण बोलणे थांबत नसे. एका दुपारी मी अक्काला अमेरिकेतल्या एम्मा गेटवुडची हकिगत सांगितली. ही ओहायोतली शेतकरीण. १९५५ मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, ती अ‍ॅपलाचियन ट्रेल नावाच्या डोंगरवाटेने एकटी चालली. जवळजवळ ३३०० किलोमीटर, १४६ दिवस. पाठीवर तंबू नाही. घरी शिवलेली पिशवी एका खांद्याला, पावसासाठी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा, आणि पायात कापडी बूट. तिला अकरा मुले होती. अक्का म्हणाली, "अकरा? मग चालणं म्हणजे तिची विश्रांतीच की." थोड्या वेळाने विचारले, "कापडी बूट म्हणालास ना?"

मी हो म्हटले आणि गप्प राहिलो. नवसाचा विषय मी काढला नाही, तिनेही नाही. परत फिरायचे ठरवले असते तर धडगावाहून शहादा आणि तिथून घर, एका दिवसाची बस. मी मनातून तेच धरून होतो. तीन दिवस ती काही बोलली नाही. रात्री कुशीवर वळून नदीच्या दिशेला पाहत असे, तिथून नदी दिसत नव्हती तरी. चौथ्या दिवशी सकाळी तिने म्हातारीला विचारले, "धडगावचा बाजार कोणत्या वारी?"

बाजारात तिने स्वतः पारखून कापडी बूट घेतले, एक नंबर मोठे, आत पट्टी बसावी म्हणून. दुकानदाराशी वीस रुपयांसाठी घासाघीसही केली. बूट घालण्याआधी तिने ते पिशवीतल्या नर्मदेच्या बाटलीला एकदा टेकवले आणि म्हणाली, "त्यांचे अनवाणी धर, माझे घालून." हे कोणाला उद्देशून होते ते मी विचारले नाही.

पुढे आम्ही दिवसाला दहा किलोमीटरवर आलो. काठी, मोलगी, वडफळी. गुजरातेत शिरल्यावर माथासरची चढण, ती चढून आलेल्या माणसाने त्या दिवशी दुसरे काही करू नये. मग झरवाणी आणि गोरा. जुने शूलपाणेश्वराचे देऊळ धरणात बुडाले, नवे गोऱ्याला बांधले आहे. आम्ही पोचलो ती तारीख ४ फेब्रुवारी, रथसप्तमी. तीच नर्मदा जयंती. घाटावर दिवे सोडत होते. माझी रजा त्याच दिवशी संपत होती.

अक्काच्या टाचेला नवे कातडे आले होते. समुद्र अजून शे-सव्वाशे किलोमीटर लांब. तिने हट्ट धरला नाही. गोरा दक्षिण तटावरच असल्याने राजपिपळ्याहून नंदुरबारमार्गे घरी येताना नर्मदा ओलांडावी लागली नाही, नेम राहिला. घरी आल्यावर ती आधी हरभऱ्यात गेली. बुटांसकट.

पुढचा टप्पा गोऱ्यापासून विमलेश्वरपर्यंत. तिथून भरतीची वेळ पाहून नाव सुटते आणि काही तासांत उत्तर तटावर मिठीतलाईला लावते. अक्काने आजवर समुद्र पाहिलेला नाही. परवा तुरीच्या शेंगा सोलताना तिने एवढेच विचारले, "बापू, नावेत बूट काढून बसायचं असतं का?"